पुरून उरण्याचा हिशेब

अन्नाच्या नासाडीचा विचार करताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ न देणे आवश्यक असते. काढणीच्या वेळी शेतात सांडलेले धान्य, चाळीत सडलेला कांदा, वाहतुकीत दबलेली द्राक्षे किंवा गोदामात उंदरांनी फस्त केलेला गहू हे सारे माल बाजारात येण्यापूर्वीचे नुकसान होय आणि अभ्यासक त्याला ‘अन्नहानी’ म्हणतात. दुकान, खानावळ आणि घर या शेवटच्या टप्प्यांवर जे अन्न न खाता टाकले जाते, त्याला ‘अन्ननासाडी’ ही संज्ञा वापरली जाते. भारतात बराच काळ चर्चा झाली ती पहिल्या प्रकाराचीच. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ मधील अहवालात धान्यांची हानी साधारण ५ ते ६ टक्के, तर पेरूची जवळजवळ १६ टक्के असल्याचे नोंदवले गेले, आणि त्यातून शीतगृहे, गोदामे व रस्ते यांची मागणी ओघाने पुढे आली. घर मात्र काटकसरीचे आगरच आहे असे गृहीत धरले गेल्यामुळे स्वयंपाकघराकडे मोजमापाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्ननासाडी निर्देशांकाने या गृहीतकाला धक्का दिला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के. आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नसून घरांचा होता. घरगुती नासाडीची जागतिक सरासरी दरडोई वर्षाला ७९ किलो येते, तर भारतासाठीचा अंदाज ५५ किलोंचा आहे. ५५ किलो म्हणजे माणशी रोजचे दीडशे ग्रॅम, अर्थात चौघांच्या घरातून दररोज सहाशे ग्रॅम. हा आकडा जपून वाचायला हवा, कारण त्यात केळ्याची साल, आंब्याची कोय, माशाचे काटे अशा न खाता येणाऱ्या भागांचाही समावेश आहे, आणि जे घर पाकिटातले तयार पदार्थ न आणता ताजी भाजी चिरते त्या घरातून साली अधिक निघणारच. तरीही त्याच अहवालातील आणखी एक निष्कर्ष लक्षणीय आहे: उच्च, उच्च-मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशगटांच्या घरगुती सरासरीत फरक आहे तो दरडोई अवघ्या ७ किलोंचा. श्रीमंत टाकतात आणि बाकीचे जपतात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. शहर आणि खेडे यांतील अंतर मात्र अनेक ठिकाणी दिसून येते. ग्रामीण भागात नासाडी कमी आढळते आणि त्याचे कारण लोकांच्या सद्गुणांपेक्षा तिथल्या व्यवस्थेत आहे.

गावातल्या घरात भाताची पेज आणि भाज्यांची देठे गुरांच्या आंबोणात पडत, शिळ्या तुकड्यावर राखणीचे कुत्रे जगे, कोंबड्या अंगणातले कण टिपत आणि जे कोणाच्याच कामाचे नसे ते शेणाबरोबर उकिरड्यात जाऊन पुढच्या हंगामात शेतात परत येई. सदनिकेत राहायला गेलेल्या कुटुंबाचे खाणे फारसे बदलले नाही. बदलले ते हे की उरलेल्याला पुढचे गिऱ्हाईक राहिले नाही. दोडक्याची साल तीच, पण आता ती ओल्या कचऱ्याच्या डब्यातून घंटागाडीत आणि तिथून कचराडेपोवर जाते. मुंबईचे देवनार क्षेपणभूमी म्हणून १९२७ पासून वापरात आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. पुण्याच्या कचऱ्याचे ढीग उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी वर्षानुवर्षे सोसले आणि त्याविरुद्ध तिथल्या ग्रामस्थांना वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. अशा ढिगांत खोलवर प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे प्राणवायूविना जगणारे जिवाणू ओल्या कचऱ्याचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. वीस वर्षांच्या कालावधीत मोजल्यास मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक भरते.

मात्र डेपोवरचा मिथेन हा या हिशेबातला एक भाग झाला. अन्नहानी आणि अन्ननासाडी यांच्यामुळे जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात ८ ते १० टक्क्यांची भर पडते असा अंदाज आहे आणि त्यातला मोठा वाटा अन्न पिकवून ताटापर्यंत आणतानाच पडलेला असतो: नांगरट, रासायनिक खते, पंपाची वीज, ट्रकचे डिझेल आणि शेवटी स्वयंपाकाचा गॅस. एक किलो तांदळामागे जागतिक सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते असे पाणी-पदचिन्हाचे, म्हणजे एखादी वस्तू तयार होईपर्यंत लागणाऱ्या एकूण पाण्याचे, गणित सांगते. टाकलेल्या भाताचे खत केले तरी हे पाणी आणि ही ऊर्जा परत मिळत नाही. म्हणून ओला-सुका कचरा वेगळा करणे हे आवश्यक असले तरी नासाडीवरचा तो उपाय नव्हे. तो नासाडी झाल्यानंतरचा बंदोबस्त आहे.

अन्न फेकले जाते ते रात्री ओटा आवरताना, पण ते वाया जाणार हे बहुतेक वेळा चार दिवस आधी मंडईत किंवा चार तास आधी परातीत ठरलेले असते. मराठी घरात स्वयंपाक पुरला एवढे पुरेसे मानले जात नाही, तो ‘पुरून उरला पाहिजे’ अशी अपेक्षा असते. ऐनवेळी दारात पाहुणा आला तर पातेले खरवडावे लागणे ही गृहिणीची नामुष्की समजली जाते. सतत येणेजाणे असलेल्या मोठ्या कुटुंबात या अंदाजाला अर्थ होता, कारण उरलेले संध्याकाळपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या पोटात जाई. आज तीन-चार माणसांच्या घरात, जिथे पाहुणे फोन करून येतात आणि घरातलेच एखादे माणूस बाहेर जेवून आल्याचे रात्री नऊला सांगते, तिथे तोच अंदाज चालू ठेवणे म्हणजे रोज एका न येणाऱ्या पाहुण्यासाठी शिजवणे ठरते.

खरेदीचा टप्पा या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. पालेभाजी जुडीने मिळते, काही ठिकाणी भाजीचे वाटे लावलेले असतात आणि संध्याकाळी उठता बाजार असला की दहाला एक, पंधराला दोन असा भाव होतो. दोन माणसांच्या घराला दोन जुड्यांची गरज आहे की नाही हा विचार त्या भावात बाजूला पडतो. मेथीची जुडी बहुतांश घरांत सडते ती कोणाला मेथी आवडत नाही म्हणून नव्हे, तर ती निवडायला कोणाला सवड मिळत नाही म्हणून. शेंगांच्या शिरा काढणे, गवार मोडणे, माठ निवडणे ही वेळखाऊ कामे आहेत आणि नासाडीच्या चर्चेत या श्रमांचा उल्लेख क्वचितच होतो. त्यामुळे भाज्यांची यादी करताना किती लागेल याबरोबर निवडायला हात कोणत्या दिवशी मोकळे आहेत हेही पाहावे लागते: निवडावी लागणारी पालेभाजी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, आणि धावपळीच्या दिवसांसाठी दुधी, कोबी, लाल भोपळा यांसारख्या टिकणाऱ्या भाज्या. आधी फ्रिज आणि कांद्या-बटाट्याच्या टोपल्या पाहून मग पिशवी उचलणे ही सवय साधी वाटते, परंतु घरात असलेलीच वस्तू पुन्हा आणणे तिच्यामुळे थांबते.

शिजवण्याच्या प्रमाणाबाबत जुन्या घरांत माणशी एक मूठ तांदूळ आणि वर एक मूठ असा ठोकताळा असे. वाटीने मोजायचे तर एक वाटी तांदळाचा जवळजवळ तीन वाट्या भात होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. पोळ्यांच्या बाबतीत आणखी एक सोय उपलब्ध आहे: भिजवलेली कणीक झाकण लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते, म्हणून शेवटचे चार उंडे लाटण्यापूर्वी घरात कोण जेवायचे आहे याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. वाढण्याच्या वेळी तर हिशेब सरळच असतो, कारण पातेल्यात उरलेले वरण रात्री पुन्हा गरम करता येते, पण ताटात उष्टे पडलेले त्याच घटकेला संपलेले असते. मराठी पंगतीत ‘आणखी एक, माझ्या हातची’ असा जो आग्रह चालतो, तो प्रेमाचा असला तरी उष्ट्या ताटांचे प्रमुख कारणही तोच आहे, आणि लग्नसमारंभातून आग्रह हद्दपार झाल्यावर त्याची जागा बुफेच्या टेबलावरील अतोनात पदार्थांनी घेतल्यामुळे फायदा काही झालेला नाही.

घरात आलेली भाजी टिकते किंवा नासते त्यामागे काही साध्या जैविक प्रक्रिया आहेत. खुडल्यानंतरही भाजी जिवंत असते. ती श्वसन करते, साठवलेली साखर वापरते आणि पाणी गमावते. थंडीमुळे श्वसन मंदावते म्हणून बहुतेक भाज्या फ्रिजमध्ये टिकतात, पण उष्ण प्रदेशातील काही फळांना हीच थंडी बाधते. केळे साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली काळे पडते, टोमॅटोची चव आणि पोत बिघडतो, आणि बटाट्यातील पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर होऊ लागल्यामुळे तो शिजल्यावर गोडसर लागतो. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात व त्याच्या सान्निध्यात आजूबाजूच्या भाज्याही लवकर पिवळ्या पडतात. केळी, आंबे, सफरचंदे पालेभाजीपासून दूर ठेवण्याचे कारण एवढेच. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवण्याची पद्धत सर्रास असली तरी ती चुकीची आहे. कांद्याला हवा खेळती लागते, बटाट्याला अंधार, आणि एकत्र ठेवल्यास दोन्ही लवकर कोंब धरतात किंवा ओलसर होऊन सडतात. नाशिक भागातील शेतकरी उन्हाळ कांदा साठवण्यासाठी जमिनीपासून उंच आणि बाजूंनी फटी असलेली कांदाचाळ बांधतात. घरातली जाळीदार टोपली आणि तिच्याखालून जाणारी हवा हे त्याच तत्त्वाचे छोटे रूप होय.

कोथिंबिरीची जुडी या बाबतीत नमुन्यादाखल घेता येईल, कारण बहुधा सर्वांत जास्त वेळा फेकली जाणारी भाजी तीच असावी. ती मंडईतून पाणी मारलेल्या अवस्थेत, मुळांना माती लागलेली आणि मध्यभागी सुतळीने आवळलेली अशी येते. सडणे सुरू होते ते बरोबर त्या सुतळीखाली, जिथे काड्या दबलेल्या असतात आणि पाणी अडकलेले असते. तिथला एक काळा, चिकट झालेला देठ दोन दिवसांत शेजारच्या दहा देठांना नासवतो. आल्याबरोबर सुतळी सोडून, पिवळी पाने काढून, न धुता पंख्याखाली तासभर पसरून मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर ती हिरवी राहते. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची सवय मात्र सोडलेली बरी, कारण छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्याविरुद्ध सूचना दिलेली आहे. मिरच्यांची देठे काढून ठेवणे, आणल्याबरोबर रवा भाजून ठेवणे, डाळी-तांदळाला एरंडेल तेलाचा हात फिरवणे, पावसाळ्यापूर्वी धान्याला कडकडीत ऊन दाखवणे या पद्धतींमागेही ओलावा दूर ठेवणे किंवा किडीची अंडी नष्ट करणे हेच सूत्र आहे.

ओलावा काढून घेणे ही टिकवण्याची सर्वांत जुनी युक्ती. उन्हाळ्यात गच्चीवर पडणाऱ्या कुरडया, सांडगे आणि सालपापड्या, कोकणातली आमसुले, किनाऱ्यावर दोऱ्यांना टांगलेले बोंबील, हे सारे सुगीच्या मुबलकतेला टंचाईच्या महिन्यांपर्यंत पोहोचवणारे प्रकार आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळासाठी गोव्यात मीठ, सुके मासे, आमसुले, लोणची यांची जी आधीच बेगमी होते तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात आणि मे महिन्यात मडगावसारख्या ठिकाणी तिचा खास बाजार भरतो. लोणच्यात मीठ आणि तेल, मोरावळ्यात साखर, आंबील व ताकात आम्ल तयार करणारे उपयुक्त जिवाणू यांच्याकरवी अन्न नासवणाऱ्या जंतूंना जगणे अवघड केले जाते.

यापुढचा टप्पा म्हणजे एका पदार्थाचे उरलेले दुसऱ्याचा कच्चा माल बनवणे, आणि मराठी पाककौशल्याचा हा भाग विशेष समृद्ध आहे. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे निथळलेले पाणी, म्हणजे कट, टाकून न देता त्याची आमटी होते आणि ती पुरणपोळीइतकीच मानाची असते. दोडका चिरण्यापूर्वी काढलेल्या शिरा तव्यावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे आणि लसूण घालून चटणी होते. दुधीची साल आणि कोथिंबिरीचे कोवळे देठ यांचीही हीच गत. तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडते, फणसाच्या आठळ्या पावसाळ्यात भाजीत येतात, माशाच्या डोक्याचे कालवण होते. कालच्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या भाजीची थालीपिठे, घट्ट झालेल्या वरणात सोडलेल्या चकोल्या, फोडणीचा भात आणि दहीबुत्ती यांची नावे घेतली की लक्षात येते की हे पदार्थ आता केवळ उरले म्हणून केले जात नाहीत. कुस्कऱ्यासाठी मुद्दाम जास्त पोळ्या लाटणारी घरे कमी नाहीत.

मात्र टिकवण्याच्या उत्साहात आरोग्य पणाला लावणे योग्य नाही. शिजलेल्या भाताचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते उकळण्यानेही मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला तर ते रुजून असे विष तयार करतात की जे नंतर कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. त्यामुळे रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल तर वाफ जिरल्यावर, साधारण दोन तासांच्या आत, तो पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. उघड्यावर राहिलेला भात विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात टाकून देणेच इष्ट. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांनाही हाच नियम लागू पडतो, कारण त्यांतील अफ्लाटॉक्सिन भाजण्यानेही पुरते जात नाही. पाकिटावरील तारखांविषयी दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात: ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची मर्यादा असते, तर ‘बेस्ट बिफोर’ ही चव व खुसखुशीतपणाची; त्यामुळे ही दुसरी तारीख उलटलेले बिस्किटाचे बंद पाकीट लगेच टाकण्याचे कारण नसते.

उरलेल्याच्या या परंपरेचे गुणगान करताना एक प्रश्न सहसा सोयीस्करपणे वगळला जातो, तो म्हणजे शिळे खात कोण होते? पुरुषांची आणि मुलांची पंगत ताज्या अन्नावर होई, आणि सर्वांच्या शेवटी बसणारी घरातली सून आदल्या दिवशीची भाकरी कालच्याच भाजीबरोबर संपवी. अन्न वाया जात नव्हते हे खरे, पण ती काटकसर एकाच व्यक्तीच्या पोटावर आणि श्रमांवर उभी होती. आजही अनेक घरांत ‘गरम पोळी तुला, सकाळची मला’ ही वाटणी बिनबोभाट चालते. नासाडी कमी करण्याचे ओझे पुन्हा त्याच खांद्यांवर टाकले तर ती सवय एका पिढीपुरतीच टिकेल, कारण शिकलेली आणि नोकरी करणारी पुढची पिढी ते नाकारील, आणि योग्यच करील. उरलेले अन्न सर्वांच्या ताटात थोडे थोडे येणे, शेंगा निवडायला घरातील सर्व हात लागणे आणि फ्रिजमधील डब्यांची जबाबदारी वाटून घेतली जाणे, हा या विषयातला सर्वांत कमी बोलला जाणारा परंतु सर्वांत परिणामकारक बदल आहे. फ्रिजचा वरचा, डोळ्यांसमोरचा कप्पा केवळ ‘आधी संपवायचे’ यासाठी राखून ठेवला तर आत काय आहे हे माहीत असणारी व्यक्ती घरात एकटीच राहत नाही.

एवढे करूनही साली, देठे, चहाचा चोथा आणि कोयी उरतातच. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केले, आणि ओल्या कचऱ्याची जागच्या जागी विल्हेवाट लावण्याचे दोन मार्ग घराच्या किंवा सोसायटीच्या आवाक्यातले आहेत. पहिला खताचा. ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर असते, कर्ब कमी; कर्ब-नत्राचे गुणोत्तर साधारण २५ ते ३० च्या घरात असले की जिवाणू जोमाने काम करतात, म्हणून प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या किंवा लाकडाचा भुसा घालावा लागतो आणि आंबट ताक किंवा शेणाचे पाणी शिंपडून जिवाणूंचे विरजण लावले जाते. दुसरा मार्ग बायोगॅसचा. पुण्यातील अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, अर्थात ‘आरती’, या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि त्यासाठी संस्थेला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यामागील विचार सरळ होता: शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला भाग, तर भात, पीठ किंवा पिकलेली फळे यांत पिष्ट आणि साखर शाबूत असते, म्हणून त्यांच्यापासून किलोमागे कितीतरी अधिक वायू आणि तोही लवकर मिळतो.

या दोन मार्गांची विभागणी व्यवहारात आपोआप ठरते. फळांच्या साली आणि भाजीची देठे खताच्या डब्यात निमूट कुजतात, पण तेलकट, खारट शिजलेले अन्न त्यात पडले की गोळा होऊन हवा कोंडते, आंबूस वास सुटतो, अळ्या होतात आणि महिन्याभरात शेजाऱ्यांची तक्रार येते. सोसायटीच्या खतपेटीला वास येऊ लागला की तिथे काम करणारा माणूस आधी पालापाचोळ्याची दोन घमेली टाकतो आणि मग ढवळताना भाताची ढेकळे किती निघतात ते पाहतो. ती फार निघाली तर दोष पेटीत नसून वरच्या मजल्यांवरच्या पातेल्यांत आहे, एवढे त्याला कोणी सांगावे लागत नाही.